जिथे गुणवत्ता यादी लागत नाही

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीतल्या मिडलसेक्स काउंटीत, पब्लिक हायस्कूलमध्ये नववीत शिकते. गुण चांगले आहेत. सात वर्षांपासून कथक शिकते आणि रविवारी मराठी शाळेत जाते, पण एखाद्या विषयाने झपाटलेली आहे असे म्हणता येणार नाही. शेजारच्या मुलाला एसएटी या प्रवेशासाठीच्या परीक्षेत १५६० गुण असूनही मोठ्या नावाच्या एकाही विद्यापीठाने घेतले नाही, आणि तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. एका खासगी सल्लागारांनी चार वर्षांच्या 'पॅकेज'ची जी रक्कम सांगितली, तेवढ्यात मिरजेत छोटा फ्लॅट येईल. त्यांच्या मते कथक सोडावे, संशोधनाचा प्रकल्प घ्यावा, स्वतःची सेवाभावी संस्था काढावी आणि किमान बारा एपी, म्हणजे हायस्कूलमध्येच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे विषय, करावेत. मी स्वतः १९९६ साली सांगलीहून बारावी झाले. पीसीएमचे गुण आले, यादी लागली, इंजिनिअरिंगला प्रवेश झाला. इथले मला काही उमगत नाही. भारतीय असण्याचा तोटा होतो हे खरे का? मुलीचा जन्म पुण्याचा, २०११चा. आम्ही एच-१बीवर असून ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत. आत्तापासून नेमके काय करावे?
— एक आई, न्यू जर्सी

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या 'यादी लागली' या दोन शब्दांपाशी मी थांबले, कारण तुमच्या बहुतेक काळजीचे मूळ तिथे आहे. आपण ज्या दाराने आत गेलो त्या दाराला एकच फूटपट्टी होती. कॉलेजच्या व्हरांड्यात फलकावर कागद डकवलेला असायचा, गर्दीतून हात घालून आपल्या नावापर्यंत बोट न्यायचे, आणि नाव नसले तर निदान किती गुणांनी हुकले ते तरी कळायचे. अमेरिकेतल्या निवडक विद्यापीठांत असा कागद कधीच लागत नाही. तिथे प्रत्येक मुलाची एक फाइल असते, ती माणसे वाचतात, आणि ती वाचताना 'या मुलाला किती गुण' यापेक्षा 'या मुलाची आपल्या वर्गात काय भर पडेल' हा प्रश्न त्यांच्यापुढे असतो. २०२४च्या प्रवेशासाठी हार्वर्डकडे ५४,००८ अर्ज आले आणि त्यांनी १,९३७ मुलांना होकार दिला. उरलेल्या बावन्न हजारांत हजारो मुले अशी होती, की त्यांना घेतले असते तरी शिकवणाऱ्या प्राध्यापकांना काही फरक जाणवला नसता.

म्हणून शेजारच्या मुलाच्या १५६० गुणांकडे अपयश म्हणून पाहणे आधी थांबवावे, ही विनंती. ते गुण उत्तमच आहेत. फक्त ते दार उघडणारी किल्ली नाहीत, दारापर्यंत पोचल्याची खूण आहेत. शिवाय दाराच्या आत आधीच काही खुर्च्या राखलेल्या असतात: खेळाडू म्हणून निवडलेली मुले, माजी विद्यार्थ्यांची मुले. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ साली दाखवून दिले, की एसएटीचे गुण सारखे असतानाही, सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुले मध्यमवर्गीय घरांतल्या मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात या मोजक्या विद्यापीठांत पोचतात. हे वाचून राग येणे साहजिक आहे, मलाही आला होता. परंतु त्याचा एक फायदाही आहे. जे आपल्या हातात नाही ते एकदा नीट दिसले, की त्यावर पैसा आणि झोप घालवण्याचा मोह कमी होतो.

आता भारतीय असण्याचा प्रश्न. आशियाई अर्जदारांशी भेदभाव होतो या तक्रारीवरून हार्वर्डवर भरलेला खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३मध्ये निकालात काढला आणि प्रवेशात वंशाचा विचार करणे बेकायदा ठरवले. त्या खटल्यात उघड झालेली एक गोष्ट आपल्या लोकांच्या मनात घर करून बसली आहे: हार्वर्डचे अधिकारी अर्जदाराला अभ्यास, उपक्रम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व अशी वेगवेगळी श्रेणी देत असत, आणि त्यातल्या व्यक्तिमत्त्वाच्या श्रेणीत आशियाई मुले सरासरीने मागे पडत असत. यातला पूर्वग्रह किती आणि अन्य कारणे किती यावर वकिलांनी वर्षानुवर्षे वाद घातला. तो आपल्याला इथे सोडवायचा नाही. मात्र त्यावरून काही सल्लागार 'मुलीला कमी भारतीय दिसू द्या' असे सुचवतात, आणि कथक सोडण्याच्या सल्ल्यामागे मला तोच वास येतो. हा सल्ला अपमानकारक आहे, हे सोडून द्या. तो निरुपयोगीही आहे. सात वर्षे केलेली गोष्ट टाकून नववीत तलवारबाजी सुरू करणारी मुलगी फाइलमध्ये नेमकी तशीच दिसते: कुणाच्या तरी सांगण्यावरून तलवारबाजी सुरू केलेली मुलगी.

मी बावीस वर्षे या राज्यातल्या पब्लिक हायस्कूलमध्ये काउन्सेलर म्हणून काम केले. तेव्हा फाइल कशी वाचली जाते ते आधी सांगते, म्हणजे आत्ता काय करायचे ते त्यातून आपोआप निघेल.

सगळ्यात आधी पाहिली जाते ती ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे नववीपासूनच्या विषयांचा आणि श्रेणींचा तक्ता. तो एकटा जात नाही; त्यासोबत आमच्यासारखे काउन्सेलर शाळेची माहिती देणारे एक-दोन पानी पत्रक जोडतात. शाळेत किती एपी शिकवले जातात, श्रेणींची विभागणी कशी आहे, किती मुले पुढे शिकायला जातात, हे सारे त्यात असते. तुमच्या भागातल्या अर्जांसाठी नेमलेला अधिकारी तुमच्या शाळेच्या पंचवीस-तीस फाइली एकाच आठवड्यात वाचत असतो. त्यामुळे तुमच्या मुलीची तुलना सर्वप्रथम कॅलिफोर्नियातल्या मुलाशी होत नाही, तर तिच्याच इमारतीत, तिच्याच शिक्षकांपुढे बसलेल्या मुलांशी होते. शाळा वीस एपी देत असेल आणि मुलीने दोनच घेतले तर प्रश्न उठेल. शाळाच सहा देत असेल आणि तिने पाच घेतले तर कुणी काही विचारणार नाही. 'किमान बारा' हा आकडा कुठल्याही विद्यापीठाच्या नियमात नाही. तो सल्लागारांच्या माहितीपत्रकातला आकडा आहे.

मग किती घ्यावेत? माझे उत्तर विषयांवरून ठरते, बेरजेवरून नाही. इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास आणि एखादी परकीय भाषा हे पाच खांब चारही वर्षे उभे ठेवावेत, आणि त्यांतल्या ज्या खांबावर मुलीला आनंदाने चढता येते त्यावर शाळेत उपलब्ध असलेली सर्वांत अवघड पायरी घ्यावी. गणितात ती आत्ता भूमितीत असेल तर दहावीला अल्जिब्रा दोन, अकरावीला प्रीकॅल्क्युलस आणि बारावीला कॅल्क्युलस असा सरळ रस्ता आहे. इंजिनिअरिंग किंवा भौतिकशास्त्राकडे जायचे तर बारावीपर्यंत कॅल्क्युलस झालेले असावे अशी अपेक्षा असते, आणि या रस्त्याने ती पूर्ण होते. आपल्या सोसायटीतली चार मुले उन्हाळ्यात सहा आठवड्यांत एक वर्षाचे गणित उरकतात म्हणून तिलाही पळवू नये. भूमितीतली सिद्धता कच्ची राहिलेली मुले पुढे कॅल्क्युलसमध्ये कशी अडखळतात ते मी इतक्यांदा पाहिले आहे, की या एका बाबतीत मी हट्टी झाले आहे. आणि झोप. या वयाला रात्री आठ ते दहा तास झोप लागते, असे झोपेचे अमेरिकी तज्ज्ञ सांगतात. विषयांची निवड करताना शेवटी हाच हिशेब मांडा: एवढे घेऊन ती रात्री साडेदहाला झोपू शकेल का? नसेल, तर एक विषय जास्त झाला.

आता ज्यावर घराघरांत सर्वांत जास्त गोंधळ असतो त्याकडे येते. 'ती कशानेही झपाटलेली नाही' असे तुम्ही जवळजवळ माफी मागितल्यासारखे लिहिले आहे. ती चौदा वर्षांची आहे. या वयात झपाटलेली दिसणारी बरीच मुले प्रत्यक्षात झपाटलेल्या पालकांची मुले असतात.

माझ्याकडे एक मराठी मुलगा होता, ओळख पटू नये म्हणून दोन-चार तपशील बदलून सांगते. त्यांच्या मंडळाचा गणेशोत्सव एका शाळेच्या जिममध्ये व्हायचा, आणि नववीत असताना त्याच्यावर जेवणाच्या ताटांचा हिशेब ठेवायचे काम आले, तेही दुसरे कुणी तयार नव्हते म्हणून. त्याने निळ्या रेघांची एक वही केली. डावीकडे मसालेभात, बटाट्याची भाजी, जिलबी, मठ्ठा. उजवीकडे किती मागवले, किती वाढले, किती उरले. उरलेले कसे मोजायचे? त्याने घरून बाथरूममधला वजनकाटा आणला आणि कचऱ्याच्या काळ्या पिशव्या एकेक करून त्यावर ठेवल्या. पहिल्या वर्षी नव्वद माणसांचे अन्न टाकावे लागले. पुढच्या वर्षी त्याने नावनोंदणीत मोठी माणसे आणि मुले वेगळी केली, आणि पावसाच्या रविवारी माणसे कमी येत नाहीत, फक्त उशिरा येतात, हे त्याच्या लक्षात आले. अकरावीत संख्याशास्त्राचा वर्ग घेतल्यावर त्याने तीन वर्षांचे आकडे नीट मांडले आणि अंदाज दहा-बारा ताटांवर आणला. तेव्हा स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावशी त्याच्यावर उखडल्या. त्यांचे म्हणणे असे, की 'उरलं तर उरू दे, कमी पडलं तर मंडळाची अब्रू जाते.' मुलगा वहीतले आकडे दाखवत राहिला आणि मावशी ते पाहायलाही तयार नव्हत्या. शेवटी तीस ताटे जास्त मागवायची आणि उरलेली त्याच दुपारी जवळच्या निवारा केंद्रात पोचवायची यावर तह झाला. त्याने आपला निबंध या भांडणावर लिहिला, आणि त्यात मावशींची बाजू स्वतःच्या बाजूपेक्षा चांगली मांडली होती. तो कुठल्या विद्यापीठात गेला ते मी मुद्दाम सांगत नाही, कारण ते सांगितले की लगेच वही आणि वजनकाटा विकत घेणारी मंडळी मला ठाऊक आहेत.

यातले तुमच्या उपयोगाचे एवढेच: ते काम आधीपासून त्याच्या आयुष्यात होते. तुमच्या मुलीच्या आयुष्यात कथक आहे आणि मराठी शाळा आहे. कथकमध्ये पाच वर्षांनी ती कुठे असेल? कदाचित लहान मुलींना तत्कार शिकवत असेल. कदाचित तबल्याच्या मात्रा मोजता मोजता तिला गणिताचे काही सुचेल. कदाचित पायाचा घोटा दुखावल्यामुळे शरीरशास्त्राकडे वळेल. किंवा दहावीत कंटाळून सोडूनही देईल, आणि तो निर्णय तिचा असला तर त्यातही काही बिघडत नाही. मराठी शाळेबद्दल एक व्यावहारिक गोष्ट विचारून घ्या. न्यू जर्सीत २०१६पासून दोन भाषांत प्रवीण असलेल्या विद्यार्थ्यांच्या पदविकेवर 'सील ऑफ बायलिटरसी' ही मोहोर मिळते. तुमच्या शाळेत ती मराठीसाठी मिळवण्याची सोय आहे का, हे काउन्सेलरला आत्ताच विचारावे, कारण अशा सोयी मागणाऱ्या पालकांमुळे सुरू होतात.

कॉमन ॲप नावाच्या ज्या सामायिक अर्जातून बहुतेक विद्यापीठांकडे अर्ज जातात, त्यात उपक्रमांसाठी दहा जागा असतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरे, म्हणजे अंतर आणि स्वल्पविराम धरून जेमतेम दोन ओळी. एमआयटीचा अर्ज वेगळा आहे, त्यात तर चारच उपक्रम लिहायचे असतात. दहाच्या दहा भरलेल्या असाव्यात असा नियम कुठेही नाही. त्या दोन ओळींत 'संस्थापक व अध्यक्ष' असे लिहिता यावे म्हणून काढलेल्या सेवाभावी संस्था अधिकाऱ्यांनी इतक्या वाचल्या आहेत, की त्या शब्दांनी आता त्यांच्या भुवयाच वर जातात. वडिलांनी वेबसाइट करून दिलेली, एकदा वह्या वाटलेली आणि मुलगी कॉलेजला गेली त्या ऑगस्टमध्ये बंद पडलेली संस्था कुणाचेही भले करत नाही. पैसे भरून मिळणाऱ्या 'संशोधन प्रकल्पां'बद्दलही माझे मत फार वेगळे नाही. ज्या शोधनिबंधाचे शीर्षक मुलाला स्वतःच्या शब्दांत समजावून सांगता येत नाही, तो त्याच्या नावावर नसलेलाच बरा.

उन्हाळ्याचेही तसेच. नामांकित विद्यापीठाच्या आवारात दोन-तीन आठवडे राहण्याचे जे महागडे वर्ग असतात, ते शिकण्यासाठी चांगले असतील, पण त्या विद्यापीठाच्या प्रवेशाशी त्यांचा संबंध नसतो. जिथे निवड कठीण असते आणि फी नसते अशा कार्यक्रमांना वजन असते. आपल्या राज्यात अकरावी संपलेल्या मुलांसाठी गव्हर्नर्स स्कूल आहे, विज्ञानाचे ड्रू विद्यापीठात आणि इंजिनिअरिंगचे रटगर्स या राज्य विद्यापीठात, आणि तिथे शिकवणी शुल्क नाही. एमआयटीत भरणारी रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूटही मोफत आहे. अशा कार्यक्रमांच्या पात्रतेत नागरिकत्वाची किंवा रहिवासाची अट असू शकते, ती आधी वाचावी. एरवी मी प्रत्येक मुलाला एक उन्हाळा दुकानात किंवा आइस्क्रीमच्या गाडीवर नोकरी करायला सांगते, कारण गल्ल्यावर उभे राहून जे कळते ते कुठल्याही शिबिरात कळत नाही. परंतु तुमची मुलगी एच-४वर, म्हणजे एच-१बीधारकाच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावर आहे आणि तिला पगारी काम करता येणार नाही, हे विसरू नका. शेजारी दुकानदाराने रोख पैसे देऊ केले तरीही नाही. वाचनालय, इस्पितळ, अन्नछत्र अशा ठिकाणी खऱ्या अर्थाने विनावेतन सेवा करता येते.

शिक्षकांबद्दल. बारावीच्या सुरुवातीला काउन्सेलरखेरीज साधारणपणे दोन शिक्षकांची शिफारसपत्रे लागतात, आणि ती अकरावीत मुख्य विषय शिकवणाऱ्यांची असावीत असा संकेत आहे. एमआयटी एक गणित किंवा विज्ञानाचे आणि एक भाषा किंवा समाजशास्त्रांसारख्या विषयाचे मागते. चांगले पत्र 'ए' मिळवणाऱ्या मुलीला आपोआप मिळत नाही. ते त्या मुलीला मिळते जी चुकलेला पेपर घेऊन तास संपल्यावर थांबते. आपली मुले इथे संकोचतात, कारण घरी आपण त्यांना 'सरांना उलट प्रश्न विचारू नये' असे शिकवलेले असते. तेवढे एक नववीतच विसरायला लावा. काउन्सेलरशीही वर्षातून दोन-तीनदा भेट ठरवून घ्यावी. आमच्या व्यवसायातली राष्ट्रीय संघटना एका काउन्सेलरमागे अडीचशे विद्यार्थी असावेत असे सुचवते आणि प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी आकडा त्याहून पुष्कळ मोठा असतो. जी मुलगी दारात उभी राहिली तिचा चेहरा आम्हाला आठवतो.

एसएटीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. कोविडनंतर अनेक ठिकाणी ती ऐच्छिक झाली होती. एमआयटीने २०२२ साली ती पुन्हा सक्तीची केली, आणि २०२४मध्ये डार्टमथ, येल, ब्राऊन, हार्वर्ड आणि कॅलटेकनेही चाचणीचे गुण पुन्हा मागायचे ठरवले, तर कॅलिफोर्निया राज्याची विद्यापीठे ते पाहतच नाहीत. परीक्षा आता संगणकावर आणि सव्वादोन तासांत संपते. दहावीनंतरच्या उन्हाळ्यात सराव सुरू करून अकरावीच्या वसंतात द्यावी. खान अकॅडमीचा सराव आणि परीक्षेच्या ॲपमधल्या पूर्ण लांबीच्या चाचण्या मोफत आहेत. नववीत क्लास लावू नये. या चार वर्षांत एसएटीचे वाचन सुधारण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे फोन दुसऱ्या खोलीत ठेवून पुस्तक वाचणे.

निबंधाचा तर आत्ता विचारही करू नका. तो फार तर ६५० शब्दांचा असतो, बारावीच्या आधीच्या उन्हाळ्यात लिहायचा असतो आणि तुम्ही तो दुरुस्त करायचा नसतो. आईने सुधारलेल्या निबंधात 'चिकाटी' आणि 'नेतृत्व' हे शब्द हटकून येतात. यंत्राकडून लिहून घेतलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणे कॉमन ॲपच्या नियमांत फसवणूक ठरते, हेही मुलीच्या कानावर असू द्या.

ज्या विषयावर तुम्ही एकच ओळ लिहिलीत, त्यावर मात्र मला सविस्तर बोलायचे आहे, कारण खरी तयारी तुम्हा दोघांना तिथे करायची आहे. मुलगी २०११ची आहे. हायस्कूल संपेल २०२९मध्ये, आणि २०३२मध्ये ती एकवीस वर्षांची होईल. तोवर ग्रीन कार्ड आले नाही तर एच-४ संपेल, आणि ती कॉलेजच्या अगदी मध्यावर असताना तिला एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर जावे लागू शकेल. वय मोजण्याच्या कायद्यात काही सवलती आहेत, त्या तुमच्या अर्जाच्या तारखांवर अवलंबून असतात. म्हणून इमिग्रेशनच्या वकिलाची एक तासाची भेट अकरावीच्या आत घ्या. त्या सल्लागारांच्या रकमेच्या तुलनेत ही फी किरकोळ आहे. दुसरे असे, की एच-४वरच्या मुलांना एफएएफएसए या अर्जातून मिळणारी केंद्र सरकारची मदत मिळत नाही, आणि काही विद्यापीठे आर्थिक मदतीपुरते अशा मुलांना परदेशी धरतात. काही ठिकाणी परदेशी अर्जदाराने मदत मागितली की त्याचा प्रवेशाच्या निर्णयावरही परिणाम होतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, ब्राऊन, बोडिन अशी मोजकी ठिकाणे नागरिकत्व कोणतेही असले तरी ऐपत न पाहता निर्णय घेतात आणि सिद्ध झालेली गरज पूर्ण भागवतात. यादी करताना प्रत्येक विद्यापीठाच्या मदत कार्यालयाला 'एच-४वरच्या अर्जदाराला तुम्ही कोणत्या गटात धरता' हा प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तर जपून ठेवावे.

पैशाबद्दल आपल्या घरांत दोन टोकांचे गैरसमज असतात. एक म्हणजे 'हुशार असेल तर स्कॉलरशिप मिळेलच'. आयव्ही लीग म्हणजे हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांसारख्या जुन्या नामांकित विद्यापीठांचा गट; त्यातल्या आठही विद्यापीठांत गुणवत्तेवर शिष्यवृत्ती नसते, फक्त गरजेवर मदत असते. दुसरा गैरसमज असा, की वर्षाला नव्वद हजार डॉलरच्या घरात जाणारा छापील खर्च सगळेच भरतात. प्रिन्स्टनने २०२५-२६पासून साधारण दीड लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या बहुतेक कुटुंबांचा सगळा खर्च उचलायचे ठरवले आहे, आणि हार्वर्ड व एमआयटीत दोन लाखांच्या आतल्या घरांना शिकवणी शुल्क लागत नाही, अर्थात मालमत्ता नेहमीसारखी असेल तर. ही मालमत्ता सीएसएस प्रोफाइल नावाच्या अर्जात विचारतात, आणि राहत्या घराखेरीजचे घर भारतात असले तरी ते लिहावे लागते. तेव्हा मिरजेतला फ्लॅट घेतलात तर तोही. प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर खर्चाचा अंदाज देणारे गणकयंत्र ठेवणे २०११पासून कायद्याने बंधनकारक आहे. या शनिवारी तुम्ही आणि तुमचे यजमान चार-पाच ठिकाणांचे आकडे टाकून पाहा. मुलीला शेजारी बसवू नका, हा तुमचा गृहपाठ आहे.

हे आकडे आधी कळणे आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे आहे. बारावीच्या नोव्हेंबरमध्ये 'अर्ली डिसिजन' नावाचा जो अर्ज करता येतो तो बांधून घेणारा असतो. होकार आला तर बाकीचे अर्ज मागे घेऊन तिथेच जायचे, आणि त्यावर मुलीबरोबर पालकांची आणि काउन्सेलरचीही सही लागते. खर्चाचा अंदाज नसताना ही सही करणारे पालक डिसेंबरात माझ्यासमोर रडलेले आहेत.

यादीत शेवटी कुठली नावे असावीत ते आज ठरवायचे नाही, परंतु तिच्या पायाशी रटगर्स असेल तर ते नाइलाजाने घातलेले नाव समजू नये. तिथल्या ऑनर्स कॉलेजमधल्या मुलांनी पुढे पीएचडीला कुठे कुठे प्रवेश मिळवले ते मी पाहिले आहे. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांचा २००२ सालचा एक गाजलेला अभ्यास आहे. अतिनिवडक कॉलेजांत प्रवेश मिळूनही कमी निवडक ठिकाणी गेलेल्या मुलांची पुढची कमाई त्यांना इतरांपेक्षा फारशी कमी आढळली नाही. वर उल्लेख केलेल्या २०२३च्या अभ्यासातही सरासरी मिळकतीत फरक थोडाच निघाला, मात्र अगदी वरच्या एक टक्का कमाईपर्यंत पोचण्याची शक्यता त्या मोजक्या ठिकाणांनी वाढते असे दिसले. म्हणजे नावाला काहीच अर्थ नाही असे मी म्हणणार नाही. पण त्यासाठी चौदा वर्षांच्या मुलीचे नाचणे थांबवावे एवढा तो फरक मोठा आहे, असे मला वाटत नाही.

सल्लागारांना माझ्या मते नकार कळवावा. बारावीच्या उन्हाळ्यात कॉलेजांच्या यादीवर त्रयस्थाचे मत हवेसे वाटले, तर तासाच्या हिशेबाने दोन-तीन बैठका देणारी प्रामाणिक माणसेही आहेत, तेव्हा पाहता येईल. तूर्तास तुमच्यापुढे एकच मुदत आहे. साधारण जानेवारी-फेब्रुवारीत दहावीचे विषय निवडण्याचा फॉर्म शाळेतून येईल. तो जेवणाच्या टेबलावर ठेवा, विषयांची पुस्तिका सोबत ठेवा, आणि मुलीला प्रत्येक ओळीपुढे 'हे का' ते स्वतः सांगू द्या. तिला एखादा विषय निव्वळ कुतूहलापोटी घ्यावासा वाटला, मग तो कुंभारकाम का असेना, तर त्यावर लगेच आक्षेप घेऊ नका. गणिताच्या ओळीवर मात्र तिच्या यंदाच्या शिक्षकांचे मत विचारल्याशिवाय सही करू नका.